नखाएवढा गोबी दगडाआड गायब: छोट्या खाऱ्या टाकीतले अनुभव हवेत

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या टाक्या घरात बरीच वर्षं आहेत, खाऱ्या पाण्याची ही पहिली. पुण्यात, हॉलमध्ये, साधारण साठ लिटर, मागच्या बाजूला फिल्टरचे कप्पे असलेली. सात-आठ महिने झाले, आता स्थिर आहे. प्रवाळ ठेवलेलं नाही. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड, बारीक वाळू, केटोमॉर्फा शेवाळाचा एक झुबका आणि काच साफ करणाऱ्या गोगलगाई, एवढंच.

मागच्या महिन्यात तीन ट्रिमा काना आणले. दुकानात त्यांना कँडीकेन गोबी म्हणतात. लांबी इंचभरसुद्धा नाही, पांढरट अंगावर तांबडे उभे पट्टे, आणि डोळे अंगाच्या मानाने भलतेच मोठे. थेंब थेंब पाणी घालून सावकाश सरावले, जाळी न लावता पेल्यानेच सोडले, आणि तिघेही सरळ दगडाच्या भोकांत. तेव्हापासून एक जण संध्याकाळी तोंड दाखवतो. दुसऱ्याची शेपटी अधूनमधून दिसते. तिसऱ्याचा पत्ताच नाही. घरी कोणी आलं की नवरा ओळख करून देतो, "ही आमची खाऱ्या पाण्याची टाकी. मासे काल्पनिक आहेत."

विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट पाचच्या आसपास. पाण्यात खोट दिसत नाही.

दगड उचलून बघू का? बारीक पेलेट घालतेय, ती वाळूवर पडतात आणि गोगलगाईंचं फावतं. दुकानदार म्हणतो एक डॉटीबॅक मासा आणि एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची स्टेनोपस कोळंबी घ्या, टाकी भरल्यासारखी दिसेल. घेऊ का?

मिठागर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो तुमच्या माशांच्या जिवाशी आहे. दोन्ही घेऊ नका. स्टेनोपस रात्री चिमटे पसरून हिंडते, आणि दगडाला टेकून झोपलेला इंचभराचा मासा तिला आयता मिळतो. डॉटीबॅक तेच काम दिवसाढवळ्या करतो. सिक्सलाइन रॅस, हॉकफिश, डॅमसेल, मोठे हर्मिट खेकडे, कोणीच नको. दुकानात उभं राहून एकच गोष्ट बघायची, समोरच्याच्या तोंडात किंवा चिमट्यात आपला गोबी मावतो का. मावत असेल तर आज ना उद्या तो जाणार.

दगडाला हात लावू नका. तुम्हाला जे तीन-चार दगड दिसतात ते त्याच्या दृष्टीने अख्खं गाव आहे, कुठल्या बोळातून कुठे निघतो हे त्याने पाठ केलेलं असतं. दगड हलला की तो परत पहिल्या दिवसावर येतो. शिवाय दगड ठेवताना नेमका मासाच खाली सापडला तर काय घ्या.

आता खाण्याचं. पिग्मी गोबी या नावाखाली दुकानात दोन वेगळ्या तऱ्हेचे मासे येतात. एव्हिओटा दगडावर टेकून बसतो, टुणकन उडी मारून घास घेतो आणि परत जागेवर. ट्रिमा बहुतेक वेळ भोकाच्या तोंडाशी, प्रवाहाकडे तोंड करून अधांतरी राहतो आणि समोरून वाहत येईल ते टिपतो. वाळूवर पडलेलं पेलेट तो शोधायला जाणार नाही. त्याच्या हिशेबी ते अन्नच नव्हे. त्याला वाहतं, हलतं आणि त्याच्या तोंडात मावेल इतकं बारीक हवं. नुकती फुटलेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारका जीव) पिल्लं सगळ्यात उत्तम, नाहीतर सायक्लॉप्स हे गोठवलेले सूक्ष्म जीव. पंप दहा मिनिटं बंद करायचा, लांब ड्रॉपर घ्यायचा, आणि भोकावर नेम न धरता त्याच्या वीतभर अलीकडे हळूच सोडायचं, म्हणजे ते तरंगत त्याच्या नाकासमोरून जाईल. थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा, शक्यतो ठरलेल्या वेळी. वेळ त्यांना बरोबर कळते.

टाकी रहदारीच्या वाटेवर आहे का? असेल तर मागची आणि एक बाजूची काच काळ्या कागदाने झाका. चारी बाजूंनी सावल्या हलत असल्या तर इतका लहान मासा बाहेर यायचा नाही.

सुरमई_फ्राय

धाग्याचं शीर्षक वाचून कोबीची पाककृती समजून आत आलो. आलोच आहे तर विचारतो, गोबी म्हणजे आमच्या पेणकडची निवटी का हो? चिखलावर उड्या मारते ती? तिचं कालवण म्हणजे... जाऊ दे, इथे बोलणं बरं नव्हे.

कालवं

@सुरमई_फ्राय, नातं आहे खरं. निवटी आणि हे प्रवाळातले गोबी एकाच मोठ्या गोतावळ्यातले. निवटी ओहोटीला चिखलावर येऊन कल्ल्यांमागच्या पंखांवर चालते, ट्रिमा जन्मभर एका भोकापासून हातभर लांब जात नाही. पण डोळे बघा दोघांचे, डोक्याच्या वर, टपोरे. पाहुणा आधी दिसायला हवा ना.

मी गोव्यात सागरी जीवशास्त्र शिकते, टाकी स्वतःची नाही. पण हा विषय लाडका आहे म्हणून थोडं लांबण लावते. प्रवाळावर जे मोठे रंगीत मासे दिसतात त्यांच्या पोटात जातं काय, हा प्रश्न बरीच वर्षं अडलेला होता. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात असं निघालं की प्रवाळावर खाल्ल्या जाणाऱ्या एकूण मत्स्यमांसापैकी जवळपास ६० टक्के हे अशा लपून राहणाऱ्या बारक्या माशांचं असतं, त्यात गोबी फार मोठ्या संख्येने. म्हणजे त्यांना सगळे खातात, आणि ते भराभर पिल्लं घालून ती जागा भरत राहतात. ताईंचा मासा उगीच घाबरट नाहीये. भोकाबाहेर वीतभर जास्त गेलेले त्याचे भाऊबंद वंश वाढवायला उरलेच नाहीत.

आयुष्यही तसंच आखूड. ग्रेट बॅरिअर रीफवरचा एव्हिओटा सिगिलाटा जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो असं २००५ मध्ये दाखवलं गेलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत नोंदलेलं सगळ्यात छोटं आयुष्य ते. त्यातले तीन आठवडे अळीच्या रूपात उघड्या समुद्रात, एक-दोन आठवडे वाढीत, उरलेल्या तीन-साडेतीन आठवड्यांत संसार. वय मोजलं कसं, तर कानातल्या हाडावरून. झाडाच्या खोडात वर्षाचं वलय असतं, यांच्या हाडात रोजचं एक.

प्रश्नचिन्ह

वाचतोय आणि खरंच प्रश्न पडलाय. जो मासा समुद्रात जेमतेम दोन-तीन महिने जगतो, त्याला इंडोनेशियात पकडायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विमानाने आणायचा, घाऊक व्यापाऱ्याकडे ठेवायचा, मग दुकानात, मग आपल्या हॉलमध्ये. यात त्याचं अर्धं आयुष्य प्रवासातच गेलं की. आणि घरी आल्यावर तो दिसतही नाही. मग हौस कोणाची भागते?

मिठागर

प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. ५९ दिवस हा त्या एका जातीचा, रानातल्या माशांवरून काढलेला आकडा आहे, सगळ्या गोबींना तो लावता येणार नाही. पण बारके गोबी अल्पायुषी असतात हे धरूनच चाला. "पाच वर्षं सांभाळीन" या बोलीवर ट्रिमा घेऊच नये.

मला जास्त खटकतं ते पकडण्याचं. फिलिपीन्स-इंडोनेशियात सायनाइड पाण्यात मारून मासे गुंगवायची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. बेकायदा आहे, तरी चालते. त्यात मासा वरकरणी धडधाकट दिसतो आणि काही आठवड्यांत खाता खाता मरतो. शिवाय आजूबाजूचं प्रवाळही जातं. दुकानात विचारा कुठून आला, कसा पकडला. उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तरच. आणि दुकानात आपल्यासमोर खातोय का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, मग दुकानदार कितीही मित्र असो.

अटलांटिककाठी

न्यू जर्सीहून. आमच्याकडे इथे दुकानात टाकीत जन्मलेले निऑन गोबी मिळतात, एलॅकटिनस. काळं अंग, त्यावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक निळी चमकती रेघ. फ्लोरिडा आणि कॅरिबियनकडचा मासा. खाऱ्या पाण्यातले जे मासे सगळ्यात आधी व्यापारी प्रमाणावर पैदा केले गेले त्यात याचा नंबर लागतो. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा, पण भीड म्हणून नाही. समुद्रात हा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातो, म्हणून मोठे मासे त्याला सहसा खात नाहीत. माझ्या टाकीत हात घातला की हातावर येऊन बसतो आणि नखाच्या कडेला टोचतो. ज्यांना मासा दिसायला हवा आहे त्यांनी याच्यापासून सुरुवात करावी, पैदाशीचा मिळाला तर.

एक इशारा. कॅटालिना गोबी नावाचा मासा कधी दिसेल, लालभडक अंगावर विजेसारखे निळे पट्टे, बघताक्षणी खिशात हात जातो. घेऊ नका. तो कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यातला आहे. २६-२७ अंशांवर त्याचं अंग नुसतं धडधडत राहतं आणि लवकर मरतो. त्याच्यासाठी चिलर लावून वेगळी थंड टाकी लागते. इथेही दुकानांत तो उष्ण पाण्याच्या टाक्यांत ठेवलेला मी पाहिलाय.

तळ्यातमळ्यात

@मिठागर काका, @कालवं, मनापासून आभार. दुकानदाराला नाही सांगितलं, नाराज झाला.

काळा कागद लावला. आर्टेमियाची अंडी आणली. बाटली उलटी करून, बूड कापून, हवेची नळी सोडून उबवायला ठेवली. पहिल्या खेपेला फारच कमी फुटली. पुण्यात सध्या रात्री गारवा आहे म्हणून असेल?

आणि हो, काल एका माशाला खाताना नीट बघितलं. आर्टेमियाचा नारिंगी ठिपका त्याच्या समोरून गेला, तो जागचा हललाच नाही. मग नुसते डोळे फिरले, एक एकीकडे आणि एक दुसरीकडे. मग अंग किंचित वाकलं आणि ठिपका नाहीसा. मान पुढे गेलेली मला दिसलीच नाही. पोट काचेसारखं असल्याने आतला नारिंगी रंग मात्र दिसायला लागला. हे मोजायला बरं आहे, कोण जेवलं कोण नाही!

मिठागर

गारव्यामुळेच. अंड्यांना २७-२८ अंश आणि उजेड लागतो, मग साधारण दिवसभरात फुटतात. बाटलीशेजारी टेबललॅम्प ठेवा, ऊब आणि उजेड दोन्ही मिळेल. लिटरला पंचवीस ग्रॅमच्या आसपास मीठ पुरे. फुटली की हवा बंद करून बाटलीच्या तळाशी उजेड धरा, पिल्लं उजेडाकडे खाली येतात, रिकामी टरफलं वर तरंगतात. खालचं पाणी तेवढं काढून तलम कापडावर गाळा आणि धुऊन घाला. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, लहान माशाच्या पोटात अडकतात. आणि फुटल्या फुटल्याच द्या. पिल्लाच्या अंगातला बलक काही तासांत त्याचा तोच संपवतो, मग ते नुसतं हलणारं भूस.

पाण्याबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण इथे फार जण फसतात. स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही. त्यात चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतात. टीडीएस मीटर घालून बघा, पन्नास-साठ तरी दाखवेल. टाकीला शून्य हवं, म्हणजे आरओच्या पुढे डीआयचा, म्हणजे उरलेले क्षार काढणारा, एक डबा लावावा लागतो. आणि रोज आटलेलं पाणी भरताना बिनमिठाचं भरायचं. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. साठ लिटरच्या टाकीत दोन-तीन दिवस विसरलात की खारेपणा वर चढलाच. मोठा मासा सोसतो, नखाएवढा नाही.

भरतीओहोटी

वाचनखूण साठवली. मला यशा गोबी आणि पिस्तूल कोळंबीची जोडी ठेवायची आहे. चाळीस लिटरमध्ये होईल का? तोही लाजराच म्हणतात.

मिठागर

आला, माझ्या आवडीचा विषय आला. चाळीसमध्ये होईल, टाकी मुरलेली असेल आणि त्या दोघांशिवाय फारसं कोणी नसेल तर.

स्टोनोगोबिऑप्स यशा, जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचा, २००१ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला. पांढऱ्या अंगावर तांबडे पट्टे आणि पाठीवरचा पंख उंच, टोकाला निमुळता. वाळूत बीळ करणाऱ्या रँडॉल कोळंबीबरोबर राहतो. कोळंबी जवळपास आंधळी. ती दिवसभर बीळ उपसत असते, बुलडोझरसारखी, आणि बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी कायम माशाच्या अंगाला टेकलेली. मासा दारात उभा. धोका दिसला की शेपटी जरा हलवतो, तेवढ्यावर ती आत. फार वाटलं तर तोही तोंड आधी करून आत घुसतो. नोकरीचं वाटप असं की एक बांधकाम खातं आणि एक चौकीदार.

भरतीओहोटी, दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. दगड वाळूवर ठेवायचे नाहीत, आधी टाकीच्या काचेवर टेकवायचे आणि मग भोवती वाळू भरायची. कोळंबी दगडाखालून उकरते. दगड वाळूवर असला तर एका रात्री खचतो, दोघंही खाली, आणि नशीब फारच वाईट असलं तर काचही. दुसरं, वाळू नुसती बारीक नको. तिच्यात शिंपल्यांचे तुकडे, खडे मिसळा. ती त्यांनी छत तोलते. बारीक वाळूचं बीळ ढासळत राहतं आणि ती बिचारी उपसतच बसते.

दोघांना एकत्र सोडायचं तर बिळाच्या जागी एक छोटा पीव्हीसी पाइप तिरका पुरून ठेवा आणि दिवे बंद करून पेल्याने तिथेच सोडा. बहुतेक वेळा रात्रीत एकमेकांना शोधतात. जोडीदार असला की यशा दिवसभर दारात दिसतो. एकटा ठेवलात तर महिनोन्‌महिने दर्शन नाही. मला यातलं सार एवढंच दिसतं की लाजऱ्या माशाला बाहेर काढता येत नाही, त्याला बाहेर थांबावंसं वाटेल अशी जागा करून द्यावी लागते. ट्रिमाचंही तेच.

कोळंबी चिमटा वाजवते तेव्हा टाकीत कोणीतरी टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. घाबरू नका, काच तडकलेली नसते. चिमटा मिटताना पाण्याची चूळ इतक्या वेगाने सुटते की मागे एक बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना आवाज होतो. त्या क्षणी बुडबुड्यात हजारो अंश तापमान आणि उजेडाचा एक अतिसूक्ष्म लखलखाटही असतो, डोळ्यांना दिसत नाही इतका.

सुरमई_फ्राय

चौकीदार आणि आंधळा कंत्राटदार. आमची सोसायटी.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. पुढच्या महिन्यात मालवणला जाणार आहोत. तिथले दोन-चार दगड आणि थोडं प्रवाळ आणलं तर गोबीला घरच्यासारखं वाटेल ना? डायविंगवाल्यांना सांगितलं तर काढून देतील असं एक जण म्हणाला.

कालवं

नका, कृपया. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी तो दगड आणि वाघ एकाच रांगेत. पाण्याखालून तोडणं तर सोडाच, बाळगणंही गुन्हा. जिवंत खडक म्हणून जे मिळतात तेही प्रवाळाचेच असतात. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे तिथे तर दुप्पट विचार करा.

आपल्याकडे प्रवाळ आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहे, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक म्हणून मोठा बुडालेला पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. बघायला जरूर जा, हात रिकामे घेऊन या.

गोबीला घर सिरॅमिकच्या दगडाचंही चालतं. त्याला भोकाचा व्यास बरोबर हवा, मूळ कशाचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. खऱ्या फांदीदार प्रवाळाशिवाय ज्यांचं चालतच नाही असे गोबी वेगळे, गोबिओडॉन. ते अॅक्रोपोराच्या फांद्यांत जन्म काढतात. त्या प्रवाळावर विषारी शेवाळ चढायला लागलं की प्रवाळ पाण्यात रासायनिक हाक घालतं आणि काही मिनिटांत गोबी येऊन ते शेवाळ कुरतडून छाटतो, असं २०१२ मध्ये फिजीतल्या अभ्यासात दिसलं. आता असा मासा आपण सिरॅमिकवर ठेवणार म्हणजे शेतकऱ्याला बिनशेताचा करणार. ते नकोच.

वाचनमात्र

बापरे. माहीत नव्हतं. धन्यवाद, बरं झालं विचारलं. गिरगावचं समुद्राचं पाणी तरी चालेल का? (हसू नका.)

भरतीओहोटी

गिरगावच्या पाण्यात काय काय आहे ते सांगत नाही, जेवणाची वेळ आहे. टाकीसाठीचं सागरी मीठ विकत घ्या.

कालवं

आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी निम्म्यानेही खारं उरत नाही कधी कधी, विशेषतः खाडीच्या तोंडाशी. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर लावून बघितलंत तर चक्रावाल.

अटलांटिककाठी

आई-बाबा दादरला असतात, त्यांच्याकडेही एक छोटी टाकी लावून द्यायचा विचार आहे. उन्हाळ्याचं काय करता? इथे मला हीटर लागतो, तिथे उलटंच.

मिठागर

ठाण्यात एप्रिल-मेमध्ये काही न करता पाणी ३१-३२ला जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची भूक मात्र वाढते. पंखा पाण्यावर मारला तर वाफेमुळे दोन-तीन अंश उतरतात, पण ते पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत. दादरच्या दमटपणात पंखा नुसता आवाज करतो. छोटा चिलर घ्या, किंवा ज्या खोलीत दुपारी एसी चालतो तिथे टाकी ठेवा. आई-बाबांना बादल्या उचलायला लागू नयेत हेही बघा. महिन्याला दोनदा तरी दहा टक्के पाणी बदलावं लागतंच.

झाकणाचं त्रांगडं असं की काचेचं झाकण लावलं की पाणी तापतं, काढलं की गोबी उडी मारतो. सगळे गोबी मारतात, विशेषतः दिवा अचानक लागला की. उपाय जाळीचा. नायलॉनची बारीक जाळी अॅल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीत बसवून घ्या, मच्छरदाणीवाला करून देतो.

वीज गेली तर छोट्या टाकीत पहिला प्रश्न प्राणवायूचा. बॅटरीवरचा हवेचा पंप तयार ठेवा, फिल्टरसाठी थांबायचं नाही.

प्रश्नचिन्ह

माझ्या प्रश्नाला थेट उत्तर अजून मिळालं नाही, पण वाचायला मजा येतेय हे कबूल. पैदाशीचे मासे आपल्याकडे कुठे मिळतात का? म्हणजे अपराधी न वाटता.

कालवं

गोबी नाही, पण क्लाऊनफिशची पैदास आपल्याकडे होते. तामिळनाडूत मंडपमला सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्यावर बरंच काम केलं आहे, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानाची हॅचरी आहे. बारक्या गोबींची अडचण अशी की अळी इतकी लहान असते की तिला आर्टेमियासुद्धा मोठा पडतो. कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जीवांची पिल्लं द्यावी लागतात, आणि ती सतत वाढवत राहणं हेच खरं कष्टाचं.

प्रश्नचिन्ह

मग ज्याच्या पैदाशीची सोय नाही तो ठेवू नये, असं माझं मत. तुमचं तुम्ही बघा.

मिठागर

मत पटतं, पूर्ण नाही. पण नवीन माणसाने सुरुवात पैदाशीच्या माशाने करावी यावर माझं काही भांडण नाही.

तळ्यातमळ्यात

तिसरा सापडला!!

@मिठागर काकांचं ऐकून दगड उचलला नव्हता. रात्री दिवे बंद झाल्यावर लाल टॉर्चने बघायचं असं कुठेतरी वाचलं होतं, लाल उजेडाने त्यांना फारसा त्रास होत नाही म्हणून. तसं बघितलं तर दोघं आपापल्या भोकांत, तिसरा नाहीच. फरशीवर, टाकीमागे, सोफ्याखाली, सगळीकडे शोधलं. आज फिल्टरचा स्पंज धुवायला मागचा कप्पा उघडला तर स्पंजच्या वर, हीटरशेजारी, महाराज तरंगत होते. चांगले गुबगुबीत. बाहेरच्या दोघांपेक्षा जाडजूड!

इतके दिवस मी एक दाणाही दिला नाही त्याला.

मिठागर

वा! कोपेपॉड. मागच्या कप्प्यात अंधार असतो, स्पंजात घाण अडकते, आणि त्यांना खाणारं कोणी नसतं, म्हणून तिथे ते भरपूर वाढतात. तुमच्या टाकीतला सगळ्यात श्रीमंत तोच आहे. पाणी मागे जाण्याच्या फटींतून आत शिरला असणार, या फटी मोठ्या माशांच्या हिशेबाने कापलेल्या असतात.

आता काढायची घाई नको. आधी त्या फटींना आतून जाळी लावा, नाहीतर उद्या परत जाईल. आणि मागचा मोटरपंप जिथून पाणी ओढतो तिथे खरखरीत स्पंजची टोपी आजच घाला, तो धोका खरा आहे. मग पेल्याने उचलून, दिवे मंद असताना, त्या दोघांच्या जवळपास सोडा. ट्रिमांच्या काही जाती घोळक्यात नर-मादी अदलाबदल करतात, ट्रिमा ओकिनावी ही जात तर दोन्ही दिशांनी. त्यामुळे तिघांत कोण काय आहे याची चिंता नको.

आणि स्पंज धुताना टाकीच्याच काढलेल्या पाण्यात धुवा, तेही अर्धाच. सगळा धुतलात तर त्याचं शेत गेलं.

सुरमई_फ्राय

म्हणजे बाकीचे दोघं समोरच्या दारात उपाशी आणि हा मागच्या दाराने कोठारात. याला परत बाहेर काढणं अन्याय आहे. माझं मत त्याला.

तळ्यातमळ्यात

नवराही तेच म्हणतोय. :)

काका, फटींना कुठली जाळी? घरात दारांना बसवलेली मच्छरदाणीची आहे, ती फायबरची वाटते. आणि किती बारीक? फटीत शेवाळ अडकून पाणी मागे जायचं थांबलं तर पंप कोरडा पडेल ना?

मिठागर

फायबरग्लासची नको, तिच्या कडा सुटतात. तीन मिलिमीटरच्या आसपास भोकं असलेली प्लॅस्टिकची जाळी घ्या, हस्तकलेच्या दुकानात भरतकामासाठी मिळते ती. पाण्यात धातूचा उघडा तुकडाही कुठे नको. गंज लागला तर गंज, आणि तांब्याचा अंश सुटला तर गोगलगाई आणि कोळंब्या पहिल्या जातील. जाळी फटीला चिकटवू नका, प्लॅस्टिकमध्ये मढवलेल्या लोहचुंबकाच्या क्लिपने नुसती अडकवा, म्हणजे दर चार दिवसांनी काढून जुन्या टूथब्रशने घासता येईल. मागच्या कप्प्यात पाण्याची पातळी पेनाने खूण करून ठेवा. खूण उघडी पडली की जाळी तुंबली.